ओकच्या फळांची कॉफी

कच्चा चिकू चुकून खाल्ला तर काय होते, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असते. जीभ जड होते, तोंड कोरडे पडते आणि गालांची आतली बाजू कोणीतरी आवळून धरल्यासारखी वाटते. मला हा अनुभव जर्मनीत, ऐन ऑक्टोबरात आला आणि तोही चिकू खाताना नव्हे, तर कॉफी पिताना!

त्याचे असे झाले. मुलीकडे दोन महिने राहायला गेले होते. झोपेच्या तक्रारीमुळे दुपारनंतरची कॉफी बंद झाली होती. घरामागच्या वनराईत ओकची जुनी झाडे होती आणि त्यांच्याखाली तपकिरी, चकचकीत फळांचा सडा पडला होता. पूर्वी जर्मन लोक या फळांची कॉफी करत, असे वाचले होते. तिच्यात कॅफीन नसते, हेही ठाऊक होते. मग काय, पिशवीभर फळे वेचून आणली, फोडली, तव्यावर खमंग भाजली, दळली आणि उकळली. रंग अगदी कॉफीचा आला, वासही छान सुटला. पण पहिल्याच घोटाला तोंड कच्चा चिकू खाल्ल्यासारखे झाले.

एक पायरी मी गाळली होती. भाजल्यावर सगळा तुरटपणा जाईल, असे मी गृहीत धरले होते. आगीचे काम मी केले, पाण्याचे केले नाही. शिक्षकांनी वर्गात सांगावे असे बरेचसे विज्ञान या गाळलेल्या पायरीत आहे, म्हणून हा लेख.

ओक आणि आपले मायफळ

ओकच्या, म्हणजे क्वेर्कस या प्रजातीतल्या झाडांच्या जगात चारशेहून अधिक जाती आहेत. महाराष्ट्राच्या जंगलात ओक नैसर्गिकपणे वाढत नाही. हिमालयात, गढवाल-कुमाऊँच्या डोंगरांत दिसणारा ‘बांज’ हा आपल्या देशातला ओक. जर्मनीत मुख्यतः दोन देशी जाती आढळतात. एकीची फळे लांब देठावर लोंबतात, तर दुसरीची जवळजवळ बिनदेठाची, फांदीला चिकटून येतात. फळ सुपारीपेक्षा थोडे लांबट असते आणि त्याच्या बुडाशी खवलेदार वाटी असते. इंग्रजीत याला एकॉर्न म्हणतात, जर्मनमध्ये आयखेल.

ओकशी आपला संबंध नाही असे मात्र नाही. तान्ह्या बाळाच्या गुटीसाठी सहाणेवर उगाळतात ते मायफळ आठवा. नावात फळ असले तरी ते फळ नव्हे. पश्चिम आशियातल्या एका ओकच्या कोवळ्या फांदीवर एक चिमुकली गांधीलमाशी अंडे घालते. त्या जागी झाडाच्या पेशी वेड्यावाकड्या वाढतात आणि अळीभोवती एक कठीण गाठ तयार होते. ती गाठ म्हणजे मायफळ. त्याची चव कमालीची तुरट असते, कारण त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग टॅनिनचा असू शकतो. ओकच्या फळात टॅनिन याहून पुष्कळच कमी असते, पण घोटभर कॉफी बिघडवायला तेवढे पुरते.

टॅनिन करते काय?

टॅनिन हे एका पदार्थाचे नाव नाही, ते एका गटाचे नाव आहे. वनस्पती हे पदार्थ तयार करतात आणि त्यांचा एक ठळक गुण म्हणजे ते प्रथिनांना घट्ट चिकटतात. आपल्या लाळेत काही बुळबुळीत प्रथिने असतात. त्यांच्यामुळे तोंडाची आतली त्वचा ओलसर आणि गुळगुळीत राहते. टॅनिन तोंडात गेले की ते या प्रथिनांना पकडते, त्यांचा साका होतो आणि तोंडातले वंगण नाहीसे होते. त्या कोरड्या, खरखरीत जाणिवेला आपण ‘तुरट’ म्हणतो. म्हणजे तुरटपणात चवीपेक्षा स्पर्शाचा भाग मोठा आहे.

कातडे कमावतानाही हेच घडते. कातड्यातल्या प्रथिनांना टॅनिन चिकटले की ते सहज कुजत नाही आणि त्याचे चामडे होते. युरोपात यासाठी ओकची साल वापरत, आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा.

झाडाला टॅनिनचा उपयोग काय? ओकचे फळ म्हणजे रोपाची शिदोरी. त्यात भरपूर स्टार्च, थोडी प्रथिने आणि थोडी चरबी असते. एवढा पौष्टिक डबा उघड्यावर ठेवायचा, तर त्याला काही राखण हवी. टॅनिन ही ती राखण. ती किती कडक आहे, हे गुरांच्या मालकांना विचारावे. ओकची फळे फार खाल्ल्यास गाई-घोड्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्ट या जंगलात दर शरद ऋतूत डुकरे सोडण्याची जुनी प्रथा आजही पाळली जाते. डुकरांना ही फळे बरीच सोसतात. ती फळांचा फडशा पाडतात आणि तिथे मोकळी चरणारी तट्टे व गुरे वाचतात.

माणसाला मात्र डुकरासारखे पोट नाही. त्याने दुसरा मार्ग शोधला.

पाण्याचे काम

टॅनिन पाण्यात विरघळते. कच्च्या स्टार्चचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत. विद्राव्यतेतला हा फरक हीच सगळी युक्ती आहे. फळ फोडून बारीक केले आणि पाण्याने धूत राहिले, तर राखणदार वाहून जातो आणि शिदोरी मागे उरते.

कॅलिफोर्नियातल्या मिवोक, योकुट्स, पोमो अशा मूळ रहिवाशांचे ओकचे फळ हे मुख्य अन्न होते. ते फळांचे पीठ करून वाळूत केलेल्या खळग्यात पसरत आणि तुरटपणा जाईपर्यंत त्यावर पुनःपुन्हा पाणी ओतत. तिथल्या आमाडोर परगण्यात एका विस्तीर्ण खडकावर अशा कुटाईची १,१८५ उखळे आजही पाहायला मिळतात. सह्याद्रीतल्या आदिवासींची कडूकंद खाण्याजोगा करण्याची रीतही याच जातीची आहे. कंदाचे पातळ काप राखेबरोबर शिजवतात आणि टोपलीत घालून वाहत्या ओढ्यात ठेवतात. तिथला नकोसा पदार्थ वेगळा आहे आणि तो अधिक घातक आहे, त्यामुळे जाणत्या माणसाशिवाय हा प्रयोग करू नये. पण तत्त्व एकच, पाण्याकडून निवडून घेण्याचे.

आता गणिताचा एक छोटा प्रश्न. समजा, भिजलेल्या तुकड्यांनी १०० मिलिलिटर पाणी धरून ठेवले आहे आणि सगळे टॅनिन त्या पाण्यात आहे. आपल्याजवळ धुण्यासाठी ९०० मिलिलिटर पाणी आहे. ते एकदम वापरावे की थोडे थोडे?

एकदम ओतले तर एकूण पाणी १,००० मिलिलिटर होईल. ढवळून ९०० ओतून दिले की १०० उरेल. म्हणजे टॅनिनचा दहावा भाग मागे राहील.

तेच पाणी ३०० मिलिलिटर याप्रमाणे तीनदा वापरले तर? प्रत्येक वेळी एकूण पाणी ४०० होईल आणि १०० मागे राहील, म्हणजे चौथा भाग. तीनदा केल्यावर उरलेले टॅनिन चौथ्या भागाच्या चौथ्या भागाचा चौथा भाग, म्हणजे केवळ चौसष्टावा भाग!

पाणी तितकेच, पण फरक सहापटींहून अधिक. साबणाचे कपडे एकाच भरलेल्या बादलीत न विसळता थोड्या थोड्या पाण्यात तीनदा का विसळतात, याचे उत्तर इथे मिळते. प्रत्यक्षात टॅनिन तुकड्याच्या गाभ्यातून बाहेर यायला वेळ घेते, म्हणून आकडे इतके नेटके येत नाहीत. त्यावर उपाय दोन : तुकडे बारीक करणे आणि पाणी गरम घेणे.

कृती

युरोपात किंवा हिमालयात राहणाऱ्यांना, किंवा तिथे जाणाऱ्यांना, ही कृती करून पाहता येईल.

१. सप्टेंबर-ऑक्टोबरात पडलेली तपकिरी, टणक फळे वेचावीत. त्या त्या जंगलाचे नियम आधी विचारून घ्यावेत आणि स्वतःपुरतीच घ्यावीत, कारण खारी व पक्षी यांचा हिवाळा याच फळांवर जातो. युरोपातल्या बागांत हॉर्स चेस्टनट या झाडाची मोठी, गोल, तुकतुकीत बी काटेरी सालीतून पडलेली असते. ती विषारी आहे. वाटी असलेले तेच ओकचे फळ, एवढी खूण पक्की करावी.

२. वाट्या काढून फळे पाण्यात टाकावीत. तरंगणारी बहुधा किडकी किंवा पोकळ असतात, ती टाकून द्यावीत. ज्यांना बारीक गोल भोक दिसते तीही टाकावीत. त्या भोकातून भुंगेऱ्याची अळी आतला गर खाऊन बाहेर पडलेली असते. बुरशी दिसली तर फळ ठेवूच नये.

३. कवच फोडून गर काढावा. त्यावरची पातळ तपकिरी सालही शक्य तेवढी काढावी, कारण तीही तुरट असते. गराचे हरभऱ्याएवढे तुकडे करावेत.

४. तुकडे भरपूर पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळावेत. पाणी चहासारखे होईल. ते ओतून ताजे गरम पाणी घालावे. पाणी जवळजवळ नितळ राहीपर्यंत आणि तुकडा चाखल्यावर तोंड न आवळेपर्यंत हे करत राहावे. किती वेळा, हे जातीवर अवलंबून असते. मला दुसऱ्या खेपेस सहा पाणी लागली.

५. तुकडे कापडावर पसरून पूर्ण वाळवावेत.

६. जाड बुडाच्या कढईत मंद ते मध्यम आचेवर सतत हलवत, गडद तपकिरी होईपर्यंत भाजावेत. काळे होऊ देऊ नयेत.

७. गार झाल्यावर भरड दळावे. कपाला दीड-दोन चमचे पूड घेऊन पाच मिनिटे उकळावे आणि गाळावे. दूध, साखर आवडीप्रमाणे.

चव कशी लागते? खरे सांगायचे तर कॉफीसारखी नाही. भाजलेले धान्य, थोडा सुकामेवा आणि शेवटी किंचित तुरट असा तिचा स्वतःचा स्वभाव आहे. स्टार्चमुळे ती जराशी दाटही होते.

आगीचे काम

पण मुळात हिला कॉफी म्हणावेसे का वाटते? कारण कॉफीचा वास कॉफीच्या बीत आयता नसतो. कच्ची बी हिरवट असते आणि तिला ओल्या गवतासारखा किंवा कच्च्या शेंगांसारखा वास येतो. ओळखीचा तो घमघमाट भाजताना जन्माला येतो. उष्णतेने शर्करा आणि प्रथिनांतली अमिनो आम्ले यांच्यात अभिक्रियांची एक मोठी साखळी सुरू होते. तिच्यातून तपकिरी रंग आणि शेकडो सुगंधी पदार्थ तयार होतात. फ्रेंच वैज्ञानिक लुई कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये या अभिक्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला मेयार अभिक्रिया म्हणतात. भाकरीचा खरपूस पापुद्रा, भाजलेले दाणे, फुटाणे ही सगळी तिचीच किमया.

ही अभिक्रिया साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे वेगाने होते. ओल्या पदार्थाचे तापमान मात्र पाणी उडून जाईपर्यंत १०० अंशांच्या आसपासच अडकून राहते. म्हणून पाचव्या पायरीत तुकडे वाळवायचे. ओले भाजायला घेतले तर ते आधी नुसते वाफवतात.

स्टार्च किंवा शर्करा आणि थोडी प्रथिने असलेला कोणताही पदार्थ असा भाजला, तर कॉफीच्या नात्यातला वास देतो. चिकोरीचे मूळ, बार्ली, राय आणि ओकचे फळ यांचा वापर जर्मनीत याचमुळे सुरू झाला. त्यामागे इतिहासही आहे. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याला कॉफीपायी देशाचा पैसा बाहेर जातो, ही गोष्ट खुपत होती. १७७७ मध्ये त्याने प्रजेला कॉफी सोडून बिअर प्यायला सांगितले. १७८१ मध्ये त्याने कॉफी भाजण्याचा हक्कच सरकारकडे घेतला आणि चोरून भाजणाऱ्यांना पकडण्यासाठी माजी सैनिक नेमले. ते रस्त्यांतून वास घेत फिरत. लोक त्यांना ‘कॉफी हुंगणारे’ म्हणत. कायदा मोडल्याचा पुरावा मेयार अभिक्रियाच गावभर पसरवत होती!

पुढे १८०६ मध्ये नेपोलियनने ब्रिटिश मालाची नाकेबंदी केली आणि युरोपात कॉफी दुर्मिळ झाली. दोन्ही महायुद्धांतही तेच झाले. गरिबांच्या घरात आणि टंचाईच्या काळात पर्यायी कॉफीच शिजत राहिली. जर्मन भाषेत आजही खऱ्या कॉफीला ‘बोनेनकाफे’, म्हणजे ‘बियांची कॉफी’, असे वेगळे नाव आहे. नुसते ‘कॉफी’ म्हटल्याने ती खरी असल्याची खात्री पटत नसे, त्या दिवसांची ही आठवण.

मग कॅफीनचे काय?

वास आणि रंग एकीकडे, तरतरी दुसरीकडे. ही दोन वेगळी प्रकरणे आहेत, हे रसायनशास्त्राला कळायला १८१९ साल उजाडावे लागले. फ्रीडलीब फर्डिनांड रुंगे या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाला महाकवी गटे यांनी कॉफीच्या बिया देऊन त्यांचे पृथक्करण करायला सुचवले. रुंगेने त्यांतून कॅफीन वेगळे काढले.

आपण जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि ठराविक ग्राहकांवर बसून ‘आता थकवा आला’ असा निरोप देतो. कॅफीनचा रेणू त्याच्यासारखा दिसतो. तो त्या जागा अडवून बसतो, त्यामुळे निरोप पोचत नाही. थकवा जात नाही, फक्त कळत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरातले कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. दुपारी चारच्या कपातले निम्मे कॅफीन रात्री नऊला शरीरात असते. माझ्या झोपेचे गणित हेच होते.

कॅफीन बनवणाऱ्या वनस्पती मोजक्या : कॉफी, चहा, कोको, कोला, ग्वाराना, माते आणि आणखी काही. ओक त्यांत नाही. बाजारातल्या ‘डीकॅफ’ कॉफीतून कॅफीन काढून घेतलेले असते आणि त्याचा थोडा अंश मागे राहतो. युरोपीय नियमांप्रमाणे भाजलेल्या डीकॅफ कॉफीत तो ०.१ टक्क्यापर्यंत चालतो. ओकच्या कॉफीत मुळातच काही नसते, म्हणून काढायचेही काही नसते.

पण ‘कॅफीन नाही’ याचा अर्थ ‘कितीही प्या’ असा नव्हे. स्टार्चयुक्त पदार्थ फार भाजले की ॲक्रिलामाइड नावाचा घातक पदार्थ तयार होतो, हे २००२ मध्ये स्वीडिश वैज्ञानिकांनी दाखवून दिले. तो कॉफीत असतो, तसाच तिच्या पर्यायांतही असतो. काळे होऊ देऊ नका, असे वर म्हटले ते चवीसाठीही आणि यासाठीही. नीट न धुतलेल्या फळांची कॉफी तर रोज मुळीच पिऊ नये.

वर्गात करून पाहा

आपल्याकडे ओकची फळे नाहीत, पण टॅनिनला तोटा नाही. लोखंडी विळीवर आवळा चिरला की काळा पडतो, कारण टॅनिन आणि लोह यांचे काळे-निळे संयुग बनते. मायफळ आणि हिराकस यांपासून जुन्या काळी शाई याच तत्त्वावर करत.

चमचाभर हिराकस पेलाभर पाण्यात विरघळवा. हे झाले आपले परीक्षाद्रव्य. वाटीभर हिरड्याची भरड रात्रभर भिजवा, सकाळी पाणी ओतून द्या आणि भरडीचे दोन सारखे भाग करा. पहिल्या भागावर तीन वाट्या पाणी एकदम घाला, पंधरा मिनिटे अधूनमधून ढवळा आणि ओतून द्या. दुसऱ्या भागावर एकेक वाटी पाणी तीनदा घाला, प्रत्येक वेळी पाच मिनिटे ढवळून ओतून द्या. शेवटी दोन्ही भागांवर एकेक वाटी ताजे पाणी घालून पाच मिनिटांनी त्याचे नमुने घ्या आणि प्रत्येकात परीक्षाद्रव्याचे पाच थेंब टाका. कोणते अधिक काळे होते? प्रयोगातले काहीही चाखू नये.

मुलांना पुढील प्रश्न द्यावेत : भरडीऐवजी अख्खे हिरडे घेतले तर काय होईल? दोन्ही भागांना पंधरा मिनिटेच का दिली? आयोडीननेही स्टार्च निळे-काळे होते. मग रंग टॅनिनमुळे आला की स्टार्चमुळे, हे कसे ओळखाल?

आणि एक घरचा अभ्यास. घरातल्या किंवा दुकानातल्या कॉफीच्या पाकिटावर कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती टक्के, हे वाचून यायला सांगा. आपल्या देशात अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी आणि प्रमाण पाकिटावर छापावे, असा नियम आहे. चिकोरीत कॅफीन नसते. तेव्हा प्रमाणावरून कपातले कॅफीन किती घटले, याचा अंदाज मुले काढू शकतील. तीच चिकोरी न सांगता मिसळली तर ती भेसळ, सांगून मिसळली तर मिश्रण, आणि कॉफी मिळत नाही म्हणून उघडपणे तिच्या जागी वापरली तर पर्याय. पदार्थ तोच, फरक फक्त खरे सांगण्याचा.

दुसऱ्या खेपेची ओकची कॉफी मी सहा पाण्यांनंतर केली आणि रात्री आठला निवांत प्याले. ती कॉफी नव्हती, पण जी होती ती चांगली होती. झोपही वेळेवर लागली.